प्रार्थनेचा नेम चार दिवस टिकतो, मग मोडतो

प्रश्न (डिचोलीहून)
पहाटे अर्धा तास प्रार्थना आणि संध्याकाळी पूर्ण तेर्स (मारियेची जपमाळ), असं ठरवते. चार दिवस होतं. पाचव्या दिवशी सासूबाईंवर आवाज चढतो आणि मग घरच्या अल्तारापुढे (देव्हाऱ्यापुढे) उभं राहायचीच लाज वाटते. कुमसारालाही (पाद्रींपुढे पापं कबूल करताना) दर वेळी तेच पाप. माझी प्रार्थना ढोंगी तर नाही ना? पुन्हा सुरुवात कुठून करू?

उत्तर (फोंड्याहून)
ताई, लाज वाटते तशीच उभी राहा. लूक 18:13 मधला जकातदारही दूर उभा होता, वर बघायची त्याची हिंमत नव्हती. देवा, मज पाप्यावर दया कर, एवढंच तो म्हणाला आणि नीतिमान ठरून घरी गेला. ढोंग असतं तर लाज वाटली नसती.

आता महिनाभर एकच दोष धरा, आवाज चढणे. बाकीचे राहू देत. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नाशियसने यासाठी एक रीत घालून दिली आहे. उठल्याबरोबर त्या एका दोषाबद्दल निश्चय करायचा. दिवसभरात चूक झाली की लगेच हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कुणाला कळत नाही. दुपारी आणि रात्री जेवणानंतर कागदावर तितकी टिंबं. रोजच्या दोन ओळी, वरची दुपारची, खालची रात्रीची. खालची वरचीशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. दुपारची आठवण ठेवायला चर्चची बाराची घंटा आहेच.

बिघडतं ते इथे: हात छातीवर ठेवायचं राहतं आणि रात्री अंदाजाने टिंबं पडतात. किंवा एका दिवसात सहा पडली म्हणून कागदच फाडला जातो. खरं तर तोच कागद कामाचा. टिंबाशेजारी वेळ लिहा. सगळी संध्याकाळी सात ते आठमध्ये, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास एकत्र येतो तेव्हा पडत असतील, तर सातला पाच कमी असताना दोन मिनिटं अल्तारापुढे बसून मगच चुलीकडे जायचं.

उत्तर (मडगावहून)
वरच्याला जोड. रात्रीच्या आत्मपरीक्षणाचा क्रम असा: आधी दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, मग तासातासाने दिवस आठवणं, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. बहुतेकजण आभार गाळून थेट चुकांवर येतात, आणि मग ती प्रार्थना न राहता स्वतःला रागावणं होतं. आभारही नेमके हवेत: आज सासूबाईंनी भाजी निवडून दिली, असे.

नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. तो भार तिसऱ्या दिवशी पुन्हा मोडतो. पूर्ण तेर्स जमत नसेल तेव्हा एक दशक, म्हणजे नमो मारिया ही प्रार्थना दहा वेळा. चार मिनिटांत होतं. मन कोरडं असताना नेम बदलायचा नाही, हेही इग्नाशियसचंच सांगणं. बदल शांत दिवशी ठरवावा.

उत्तर (पणजीहून)
कुमसाराला तेच पाप येणं हे नवल नाही. स्वभाव तोच, म्हणून घसरण्याची जागा तीच. शक्यतो एकाच पाद्रींकडे जा, म्हणजे चूक कुठे पुन्हा पुन्हा होते ते त्यांना दिसतं. पण माफ झालेली जुनी पापं पुन्हा पुन्हा उकरू नका. स्पेनमधल्या मानरेसा इथे खुद्द इग्नाशियस या शंकांनी इतका ग्रासला की आठवडाभर उपाशी राहिला. शेवटी पाद्रींनीच त्याला उपास सोडायला लावला.

मराठीतून मनन हवं असेल तर फादर स्टीफन्सचं, बायबलची कथा ओव्यांत सांगणारं क्रिस्तपुराण घ्या, 1616 साली गोव्यात राशोलला छापलेलं. रोज पाच ओव्या, मोठ्याने. ओवी ओठांवर आली की मन फारसं भरकटत नाही.

प्रश्नकर्ती
टिंबांचा कागद उद्यापासून करते. आधी सासूबाईंची माफी मागू की आधी कुमसाराला जाऊ?

उत्तर (फोंड्याहून)
आधी सासूबाई. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायला सांगितलंय. आज रात्री पानं घ्यायच्या आधीच बोला. कारणं देऊ नका, फक्त "आई, माझं चुकलं" एवढंच.