ह्यांना व्हेंटिलेटर नको म्हणून सही केली, आता दीर कोर्टाचं बोलतात

वडगावची_काकू
नमस्कार. मी असं कधी लिहीत नाही खरं कुणाला विचारावं कळेना म्हणून लिहिते. आमचे हे बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत मोल्डिंगला होते, सगळा जन्म त्या वाळूत गेला, आधी टीबी म्हणून गोळ्या खाल्ल्या मग कळलं सिलिकोसिस, वाळूच्या धुळीनं फुप्फुसाला होतो तो आजार. घरात ऑक्सिजनचं मशीन आणलेलं, मोरीपर्यंत जाऊन आले तरी मग कितीतरी वेळ बोलता यायचं नाही. श्रावणात न्यूमोनिया झाला, इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. ते घट्ट मास्क असतंय बघा, बायपॅप, त्यानं नाकावरची कातडी निघाली होती. मग डॉक्टर म्हणाले आता मास्कवर भागत नाही, नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल, खरं लावला तर परत निघेल असं वाटत नाही. हे शुद्धीत होते. स्वतःच मास्क बाजूला केलं आणि म्हणाले, "नळी नको. मागच्या टायमाला शेजारच्या खाटेवर बघितलंय मी." आणि लगेच मला, पोरगा जेवला काय.

मी सही केली. फॉर्म इंग्लिश आणि कन्नडात, मला दोन्ही येत नाही, सिस्टरनं मराठीत सांगितलं तेवढंच. नंतर मॉर्फिनचं इंजेक्शन चालू केलं, दम जरा बसला, झोप लागल्यासारखे पडून होते आणि पहाटे गेले.

बाराव्याला दीर सगळ्यांच्या देखत बोलले की इंजेक्शन देऊन मारलं आणि वैनीनं सही करून दिली, पुण्याला नेला असता तर वाचला असता. मुलगा गप्प बसला, ते जास्त लागलं. मला सांगा, ही सही कायद्यात बसते काय? आणि त्या इंजेक्शननंच गेले काय?

रात्रपाळी
काकू, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, तुम्ही म्हणता त्या हॉस्पिटलात नाही आणि चार्ट न बघता कुणीच ठामपणे काही सांगू नये, तरी जे माहीत आहे ते सांगते. सिलिकोसिसमध्ये वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसून कायमचे व्रण होतात, काम सोडलं तरी ते वाढत जातात, बरं करणारं औषध नाही. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, न्यूमोनिया उतरेपर्यंत वेळ मिळवून देतो. खाली फुप्फुसच राहिलं नसेल तर तो वेळ मिळून पेशंट नळीवरच अडकतो, हात बांधलेले, गुंगीत. तुमच्या डॉक्टरनी ते आधीच सांगितलं, बरेच जण सांगत नाहीत.

मॉर्फिनचं म्हणाल तर अशा पेशंटला घुसमट कमी व्हावी म्हणून ते अगदी थोडं थोडं देतात, श्वास मोजत मोजत. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो हे पण खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही, म्हणूनच प्रत्येक डोस टायमासकट चार्टवर लिहायचा असतो. दिरांना शंका आहे ना, मग चार्ट मागा आणि दुसऱ्या एखाद्या छातीच्या डॉक्टरला दाखवा. आणि मास्कवरच्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून साडेतीनशे किलोमीटर पुण्याला न्यायचं हे बाराव्याच्या पंगतीत बोलायला सोपं असतंय.

खानापूरकर
ताई, मी वकिलाकडे बसतो, वकील नाही. सुप्रीम कोर्टानं 9 मार्च 2018 ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली, आणि आपल्या कर्नाटक सरकारनं जानेवारी 2025 मध्ये त्याचं परिपत्रक काढलं. त्यात दोन मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांच्या समित्या, वगैरे आहेत खरं ते मुख्यतः पेशंट स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हासाठी. तुमचे यजमान शुद्धीत होते, स्वतः नको म्हणाले. कळत्या माणसानं उपचार नाकारला तर डॉक्टर जबरदस्तीनं नळी घालू शकत नाही. ह्याला मारलं म्हणत नाहीत. मुद्दाम जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं हा आजही गुन्हाच आहे, दोन्हीत गल्लत करू नका आणि दिरांना करू देऊ नका. मुद्दा एवढाच की यजमान काय बोलले ते डॉक्टरनी केसपेपरवर लिहिलंय काय. तुमच्या सहीपेक्षा त्या ओळीला जास्त वजन आहे.

जुना_निपाणीकर
कायदा ठीक आहे ओ. माझ्या मिसेसचं कोल्हापुरात सगळं केलं, नळी, डायलिसिस, शेवटी छाती दाबली तेव्हा बरगडी मोडली, मला बाहेर आवाज आला. तर आता सासुरवाडीचे म्हणतात एवढे हाल कशाला केलेस. म्हणजे कसंही केलं तरी बोलणारा बोलतोच. माझा राग वेगळा आहे, हे लोक विचारतात कसं? कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, हातात पेन देऊन, करायचं काय बोला लवकर. बसायला एक खुर्ची द्या की. तुमच्याकडे तर भाषेचा पण प्रश्न, इंग्लिश-कन्नड फॉर्मवर मराठी बाईची सही, मला ते पटत नाही.
एक विचारू? दिरांना त्या वेळी फोन केला होता काय?

वडगावची_काकू
केला होता. गोव्याला ड्युटीवर होते, म्हणाले वैनी तुम्हीच बघा. मुलगा बाजूलाच होता, त्यानं ऐकलंय.

रात्रपाळी
मग हे बाराव्याला का नाही बोललात. मुलाला एकदा एकट्याला बसवून विचारा, त्याला त्या रात्रीचं काय वाटतं. कधी कधी पोरं आईवर रागावलेली नसतात, बापाचं ते नळी नको ऐकून घाबरलेली असतात.

मजगावचा_फिटर
मी पण फाउंड्रीतला. सगळे हॉस्पिटलच्या मागे लागलेत, जिथं ती धूळ खाल्ली त्यांचं काय? सिलिकोसिस हा कायद्यानं नोंद करावी लागणारा आजार आहे, कामामुळे झालेला धरतात. यजमानांचं ईएसआय, म्हणजे पगारातून कामगार विमा, कापत होते काय बघा. कामाच्या आजारानं मृत्यू झाला हे सिद्ध झालं तर बायकोला अवलंबितांची पेन्शन मिळते. ईएसआय नसेल तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात बसतंय काय ते वकिलाला विचारा. आजाराचं नाव ज्या कागदावर पहिल्यांदा लिहिलंय तो कागद सांभाळा, एक्सरे टाकून देऊ नका. कोर्टात जायची एवढी हौस असेल तर दिराला ह्या कामाला लावा.

वडगावची_काकू
ईएसआय कार्ड आहे, ट्रंकेत बघते. हॉस्पिटलची फाइल मागायला गेलं तर देतील काय? बिल थोडं बाकी आहे. अर्ज मराठीत चालतो?

खानापूरकर
बिलाचा आणि फाइलचा संबंध लावू देऊ नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमानं मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्डची कॉपी द्यावी लागते, आणि तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मराठीत लिहिलं तर इथं खिडकीवरच वाद घालत बसतील, मुलाकडून इंग्लिशमध्ये लिहून घ्या, नावं मात्र आधार आणि डेथ सर्टिफिकेटवर आहेत तशीच. नुसती डिस्चार्ज समरी मागू नका, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी आणि संमतीचे सगळे फॉर्म असं लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. नाहीच म्हणाले तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. दिरांना पण सोबत न्या म्हणतो मी.