मदत हवी आहे: बाबांसोबत ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, रोलापर्यंतच की शिल्टपर्यंत?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात बाबांना घेऊन कुल्लू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जायचं मनात आहे. तीर्थन खोऱ्यातून आत जाऊन आलेलं इथे कोणी आहे का?

बाबा ६८ वर्षांचे. रोज पहाटे वेताळ टेकडी, महिन्यातून दोनदा सिंहगड. दम चांगला आहे, पण उतरताना उजवा गुडघा बोलतो. गेली कित्येक वर्षं ते पक्ष्यांची वही ठेवतात: तारीख, जागा, आवाज कसा होता ते. त्यात एका पानावर वर नुसतं 'जुजुराना' लिहिलंय आणि खाली पान कोरं. हा हिमाचलचा राज्यपक्षी, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान. देवाने सगळ्या पक्ष्यांची सुंदर पिसं घेऊन तो घडवला, असं तिकडचे लोक सांगतात. ते पान भरलेलं बघायची मला फार इच्छा आहे.

घोडं तिथेच अडलंय. तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाहून पार्कमधला रोला कॅम्प साधारण १० किमी, उंची २१०० मीटरच्या आसपास. नदीकाठची वाट, बाबा सावकाश नक्की जातील. पण जुजुराना उन्हाळ्यात त्याहून वर, साधारण २४०० ते ३६०० मीटरच्या पट्ट्यात दाट झाडीत असतो. म्हणजे त्याच्या वरच्या शिल्ट कॅम्पला जायला हवं, आणि ते ३१०० च्या आसपास. रोलापासून हजारेक मीटर चढ! बारीतून कळसूबाई चढतो तेवढा तरी होईलच. चढतील हो, पण उतरताना काय?

वाटेत कुठे तंबू ठोकून हा चढ दोन दिवसांत करता येतो का? तेवढ्यासाठी वेगळा परवाना लागतो, की साईरोपाच्या वनखात्याच्या ऑफिसात एकदाच सगळं होतं? आणि गुशैणी-बंजारकडचा, वयस्कर माणसाच्या चालीने चालणारा गाइड कसा शोधायचा? गेल्या वर्षी उत्तराखंडात एका ग्रुपबरोबर गेलो होतो. लीडर "काका, तुम्ही या हळूहळू" म्हणून पुढे निघून गेला आणि बाबा दोन तास एकटेच चालत होते. मी पुढच्या तुकडीत होते, मला कॅम्पवर पोचल्यावर कळलं. ते माझ्या अजून डोक्यातून जात नाही. म्हणून यंदा ग्रुप नको, फक्त आम्ही दोघं, गाइड आणि एक पोर्टर.

प्रवासाचं ठरलंय: झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून मनालीची बस, औटच्या बोगद्याआधी उतरून बंजारमार्गे गुशैणी. ह्यात काही चुकत असेल तर सांगा.

शिल्ट झेपणार नाही असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा, मग रोलाला दोन मुक्काम वाढवेन. कोणी रोलाच्या आसपास जुजुरानाचा निदान आवाज तरी ऐकलाय का? झेलमचं आरक्षण उघडलं की लगेच तिकिटं काढायची आहेत, त्याआधी कळलं तर बरं होईल.