न्यू ऑर्लिन्सच्या फुटपाथवरची पाटी आणि ती ३२ माणसं, कुणाला माहिती आहे का?

केतकी_ह्यूस्टन:
मागच्या वीकेंडला आईबाबांना न्यू ऑर्लिन्स दाखवायला घेऊन गेले होते. फ्रेंच क्वार्टरमध्ये चार्टर्स आणि आयबरव्हिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बाबा एकदम थांबले, म्हणाले अगं खाली बघ, नावांवर पाय पडतोय. फुटपाथमध्येच पाटी बसवलीये, २४ जून १९७३, अपस्टेअर्स लाउंज, आगीत ३२ जण गेले आणि त्यांची नावं. बाबांनी खाली वाकून पाटीला हात लावून नमस्कार केला, चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसा. रात्री हॉटेलवर वाचलं तेव्हा कळलं की तो गे बार होता. जवळच्या दोन दुकानांत विचारलं होतं पण कुणालाच काही सांगता आलं नाही. ३२ माणसं गेली आणि गावाला पत्ता नाही असं कसं? त्यांच्या माणसांनी काय केलं मग? आणि त्या तारखेला अजून कुणी जमतं का तिथे?

बायूकाठचा_मराठी:
केतकी, मी बॅटन रूजला ११ वर्षं आहे, २४ जूनला दोनदा गेलोय तिथे. बार दुसऱ्या मजल्यावर होता, रविवारची संध्याकाळ, प्यानोभोवती गाणी चाललेली. त्यातले बरेच जण मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचे, म्हणजे गे लोकांना सामावून घेणारं चर्च. कुणीतरी खाली लाकडी जिन्यावर लायटरचं तेल ओतून पेटवलं, आठच्या सुमारास बेल वाजली, वरचं दार उघडलं आणि जाळ सरळ आत घुसला. बारटेंडरने वीसेक जणांना मागच्या दाराने छतावर नेऊन वाचवलं. बाकीच्यांनी खिडक्या गाठल्या तर तिथे गज. कुणी पडू नये म्हणून लावलेले!! त्या चर्चचे पास्टर बिल लार्सन त्या गजांतच अडकून गेले आणि त्यांचा देह कित्येक तास तसाच खिडकीत होता, रस्त्यावरून सगळ्यांना दिसत होता, कुणी झाकलाही नाही. हे लिहितानाही हात थांबतो. त्यांचे सहकारी बाहेर पडले होते, पण जोडीदार आतच राहिला म्हणून परत गेले, दोघं एकत्रच सापडले. वीस मिनिटांच्या आत आग विझली पण २९ जण त्याच रात्री गेले, ३ नंतर हॉस्पिटलात. ज्याच्यावर संशय होता त्याच्यावर कधी गुन्हाच दाखल झाला नाही, पुढच्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

सदाशिव_मोघे:
घटना वाईटच आहे पण आग ती आग, मेला तो माणूस. त्यात गे वगैरे वेगळं कशाला काढायचं?

बायूकाठचा_मराठी:
मोघेकाका, आपण नाही काढत, तेव्हा तिथल्या लोकांनीच वेगळं काढलं होतं. महापौर, गव्हर्नर, कुणाचा साधा शोकसंदेश नाही. रेडिओवर जोक झाले. चर्चेस प्रार्थनेला जागा देईनात. सेंट जॉर्ज एपिस्कोपलच्या फादर रिचर्डसननी दुसऱ्या दिवशी छोटी प्रार्थना घेतली तर त्यांना शिव्यांची पत्रं आली आणि त्यांच्याच बिशपने सुनावलं. शेवटी १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चने दार उघडलं. लॉस एंजेलिसहून आलेले, मेट्रोपॉलिटन चर्चचे संस्थापक ट्रॉय पेरी सांगतात की प्रार्थना संपता संपता बाहेर टीव्हीचे कॅमेरे आलेत असं कळलं, टीव्हीवर दिसलं की नोकरी जायची, घर तुटायचं, मागच्या दाराने जायची सोय होती तरी माणसं पुढच्या दाराने बाहेर पडली.
आणि चार जण बेवारस म्हणून पुरले गेले. त्यातला एक तर दुसऱ्या महायुद्धात लढलेला, ओळख पटलेली होती तरीही. त्याच्या घरच्यांना २०१५ मध्ये कळलं, म्हणजे ४२ वर्षं ते समजत होते की आपला माणूस कुठेतरी असेल. कबरीची नेमकी जागा शोधायला त्यांना किती झगडावं लागलं. अनोळखी राहिलेल्या तिघांपैकी एकाचं नाव २०१८ मध्ये सापडलं.

वैकुंठाजवळचा:
मी सहसा फक्त वाचतो इथे. वय ६१, पुणे. तो बेवारस शब्द वाचून उठून गॅलरीत जाऊन आलो. २००४ साली माझा जोडीदार गेला, १४ वर्षं एका घरात राहिलो आम्ही, पेपरवर मी भाडेकरू. त्याचा भाऊ गावाहून आला, त्याने अग्नी दिला, मी मागे ऑफिसच्या लोकांत उभा. कुणी विचारलं तर मित्र म्हणालो. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, भाऊ म्हणे काय इच्छा राहिली असेल कोण जाणे, मला माहीत होतं पण पुढे होऊन बोलता आलं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला, त्या रात्री मी त्याच्या फोटोपुढे पहिल्यांदा मोठ्याने रडलो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. मोघेसाहेब, तुमच्यावर राग नाही. पण ज्याला कुणाचा कोण हेच सांगता येत नाही त्याला सुतकही मिळत नाही हो.

सदाशिव_मोघे:
दादा, माझा प्रश्न मागे घेतो. माफ करा. त्यांचं नाव काय होतं, सांगावंसं वाटलं तर सांगा.

वैकुंठाजवळचा:
अरविंद.

बायूकाठचा_मराठी:
केतकी, तुझा शेवटचा प्रश्न राहिला. पाटी २००३ मध्ये बसवली, ३० वर्षांनी. कॅथलिक आर्चबिशपनी २०१३ मध्ये माफी मागितली, सिटी कौन्सिलने २०२२ मध्ये. २०२३ ला ५० वर्षं झाली तेव्हा त्याच सेंट मार्क्समध्ये प्रार्थना झाली आणि तिथून बँड वाजवत सगळे त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, न्यू ऑर्लिन्समध्ये मयताला नेतात तसे. एरवीही २४ जूनला कुणी ना कुणी फुलं ठेवून जातं.

केतकी_ह्यूस्टन:
सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते जूनअखेरपर्यंत इथेच आहेत, म्हणाले २४ ला परत जाऊ. वैकुंठाजवळचे काका, तुमची हरकत नसेल तर तिथे एक फूल अरविंदकाकांच्या नावाचं ठेवू का?

वैकुंठाजवळचा:
ठेव बाळ. त्याला सोनचाफा आवडायचा, तिकडे मिळत नसेल, कुठलंही पिवळं चालेल.