मदत हवी आहे: दहा हजार वर्षांनंतरचा वाघ काळा रंगवावा का?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या एका अंकासाठी 'उद्याचा वाघ' अशी चार चित्रं करते आहे. तीन झाली, चौथ्यावर पंधरा दिवस अडकले आहे. जनुकशास्त्राची जाण असलेल्यांनी कृपया मदत करावी.

हे चित्र सिमिलीपालवरून सुचलं. ओडिशातल्या या व्याघ्रप्रकल्पातले काही वाघ जवळजवळ काळे दिसतात. खरं तर कातडं काळं नसतं, पट्टेच इतके रुंद झालेले असतात, की टिपकागदावर शाई फुटावी तसे ते एकमेकांत मिसळतात आणि मधे तांबूस-पिवळ्या बारीक चिरा तेवढ्या उरतात. एक फोटो मोठा करून पट्टे मोजायला बसले, तर पाठीवरचा कुठला पट्टा कुठे संपतो हेच कळेना.

2021 मध्ये बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने याचं मूळ टॅकपेप या जनुकातल्या एका बदलात असल्याचं दाखवलं. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला, तरच पिल्लू असं दिसतं. याच जनुकातल्या बदलांमुळे घरच्या मांजरांच्या अंगावर पट्ट्यांऐवजी भोवऱ्यासारखे आकार येतात आणि किंग चित्त्याच्या ठिपक्यांचे ओघळ होतात. हे वाचून मी थक्क झाले.

दाट जंगलात काळा रंग लपायला बरा, म्हणून तो वाढला असणार, असं मी धरून चालले होते. त्या हिशेबाने पुढचा वाघ काळाच. पण हा निव्वळ योगायोग असू शकतो, असंही वाचलं. मग मुलांना काय दाखवू? चूक चित्र छापलं गेलं तर ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसेल, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न फार चांगला आहे. काळ्या रंगाचा थोडा फायदा होत असेलही, पण सिमिलीपालपुरतं योगायोगाचं पारडं जड आहे. तिथले वाघ मोजके आणि बाकीच्यांपासून तुटलेले. अशा ठिकाणी एखादाच दांडगा नर बरीच वर्षं हद्द राखतो आणि बहुतेक बछडे त्याचेच होतात. त्याच्यात हा बदल असला, की दोन-तीन पिढ्यांत तो सगळीकडे पोचतो, उपयोगाचा असो वा नसो. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमाचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजराचं, उदाहरण पाहा. वीस-तीसच उरले होते. शेपट्या टोकाशी मुडपलेल्या, अनेक नरांचे वृषण खाली न उतरलेले. मुडपलेली शेपटी निसर्गाने निवडली नव्हती, जवळच्या नात्यातल्या संकराने ती माथी मारली होती. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, त्यानंतरच्या पिल्लांत हे दोष बरेच कमी झाले.

आणि दहा हजार वर्षं म्हणजे वाघाच्या साधारण दोन हजार पिढ्या. एकाकी पडलेली छोटी वस्ती तेवढ्या पिढ्या तग धरेल असं मला वाटत नाही. तेव्हा रंगाआधी तुमच्या चित्रातलं जंगल किती मोठं आहे ते ठरवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. 2024 मध्ये ताडोबाहून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या, त्या नवं रक्त यावं म्हणूनच. झीनत तर झारखंडमार्गे थेट बंगालमधल्या बांकुड्यापर्यंत गेली, डिसेंबरात तिला पकडून परत आणावं लागलं. वाघाला वाट मिळाली तर तो किती लांब जातो, हे त्यावरून दिसतं. तशा वाटा राहिल्या, तर काळा रंग पुन्हा विरळ होईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आता चौथ्या चित्राची दोन करते. एकात चहूबाजूंनी शेतं आणि रस्ते, मधे जंगलाचा तुकडा, त्यात काळे वाघ, एकाची शेपटी मुडपलेली. दुसऱ्यात वाट मोकळी, काळा बाप, ताडोबाची आई आणि नेहमीसारख्याच पट्ट्यांचे बछडे, ज्यांच्या जनुकांत तो बदल लपून राहिला आहे. हे बरोबर ना?

एकच अडलंय. काळ्या वाघाच्या पोटाचा आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूचा रंग कुठल्याच फोटोत नीट दिसत नाही. तिथे पांढरं उरतं की तिथेही पट्टे मिसळतात? कुणी जवळून पाहिला असेल तर जरूर लिहा, शुक्रवारपर्यंत रंग भरायचे आहेत.