स्टुटगार्ट : युरोच्या महिन्यात घर स्टेडियमजवळ, ऑफिस बोब्लिंगेनला. आधीपासून काय करून ठेवावं?

कानश्टाटकर (२ जून २०२४)

नमस्कार मंडळी. १४ जून ते १४ जुलै जर्मनीत युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा आहे आणि त्यातले पाच सामने आपल्या गावात : १६, १९, २३, २६ जून आणि ५ जुलैचा उपांत्यपूर्व. आमचं घर बाड कानश्टाटला, स्टेडियमपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. दोघांचीही ऑफिसं बोब्लिंगेनला, रोजचं जाणं-येणं एस-१ या लोकल गाडीनं (एस-बान). मुलगी तीन वर्षांची, किटा (पाळणाघर) पाचला बंद होतो. आई-बाबा रविवारी २३ तारखेला दुपारी फ्रँकफुर्टला उतरतायत.

सामन्याच्या दिवशी प्रवासाचं कसं जमवायचं? २३ तारखेला त्यांना घरी कसं आणावं? ते असताना एक दिवस श्ट्रासबुर्गला जाऊन येता येईल का? बॉर्डरवर तपासणी सुरू होणार म्हणतात. आणि घरी टीव्ही आहे, पण त्यावर सामने दिसतील की वेगळे पैसे भरावे लागतील? ऑफिसात ‘टिपश्पील’मध्येही (सामन्यांचे निकाल ओळखायचा खेळ) नाव घातलंय. फुटबॉलचं फारसं कळत नाही, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

---

नेकारकाठ (२ जून)

आधी रोजच्या प्रवासाचं. कॅलेंडरवर संघांची नावं लिहू नका, वेळा लिहा. आपल्याकडचे चार सामने संध्याकाळी सहाचे आहेत, फक्त २३ तारखेचा रात्री नऊचा. सहाच्या सामन्याला लोक तीनपासून निघतात आणि साडेपाचपर्यंत गाड्या भरून वाहतात. तुमची ऑफिसमधून परतायची वेळ नेमकी हीच, गाडीही हीच, कारण स्टेडियमचं नेकारपार्क स्टेशन एस-१ वरच, तुमच्या पुढचं.

सर्वांत अवघड दिवस बुधवार १९ जून, जर्मनी-हंगेरी. त्या दिवशी दुपारी अडीचच्या आत हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन) पार करा, नाहीतर सामना सुरू झाल्यावर सव्वासहानंतर निघा. सामना चालू असताना एस-बान रोजच्यापेक्षाही रिकामी असते. सामना संपतो आठच्या पाच-दहा मिनिटं आधी, म्हणजे पावणेआठला घरात पाहिजे. त्यानंतर तासभर कानश्टाटच्या फलाटावर उतरणंसुद्धा कठीण, कारण नेकारपार्कच्या फलाटावर गर्दी झाली की निम्मे लोक चालत तुमच्याच स्टेशनवर येतात. २६ तारखेलाही हेच गणित, जरा सौम्य.

अडकलातच तर हाउप्टबानहोफपर्यंत जाऊच नका. एस-१ मधून फाइहिंगेनला उतरा आणि यू-१ ही शहरातली ट्राम (यू-बान) धरा. ती थेट कानश्टाटच्या विल्हेल्म्सप्लात्सला येते. वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळतं. यू-११ मात्र टाळा, ती खास स्टेडियमसाठीच सोडतात. श्लॉसप्लात्स या मधल्या चौकात फॅन झोन (मोठ्या पडद्यावर सामना बघायची जागा) असल्यानं तिथला यू-बानचा थांबा गर्दीत वगळला जाऊ शकतो, तेव्हा शार्लोटेनप्लात्सच्या हिशेबानं चाला.

किट्याचं आजच करून टाका. तुम्ही दोघंही अडकलात तर मुलीला कोण आणणार त्याचं नाव लेखी द्या. ‘आबहोलबेरेश्टिगुंग’चा एक पानी फॉर्म असतो, त्यावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात आणि आणणाऱ्यानं ओळखपत्र दाखवायचं असतं. फोनवर सांगितलेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

गाडी रस्त्यावर लावत असाल तर आणखी एक. स्टेडियमच्या आसपास तात्पुरत्या ‘हाल्टफरबोट’च्या (गाडी थांबवायला बंदी) पाट्या लागतील. त्यावर तारीख आणि वेळ बारीक अक्षरात असते. पाटी लावून तीन पूर्ण दिवस उलटले की चौथ्या दिवशी उचललेल्या गाडीचा खर्च मालकाकडून घेतात, मग तुम्ही भारतात गेलेले असा नाहीतर आजारी. संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळे दर दोन दिवसांनी गाडीपाशी एक चक्कर.

---

रूळ_आणि_सिग्नल (३ जून)

२३ तारखेबद्दल. तुमच्या लक्षात आलंय का माहीत नाही, पण त्या रात्री नऊला दोन सामने एकाच वेळी आहेत : स्टुटगार्टला स्कॉटलंड-हंगेरी आणि फ्रँकफुर्टला जर्मनी-स्वित्झर्लंड. म्हणजे तुमच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना गर्दी. शिवाय स्कॉटलंडचा आधीचा सामना १९ तारखेला कोलोनला आहे. कोलोनहून स्टुटगार्टला येणाऱ्या आयसीई (लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या) फ्रँकफुर्ट विमानतळावरूनच येतात. आई-बाबा चढतील तेव्हा गाडी आधीच अर्धी स्कॉटिश असणार. माणसं प्रेमळ असतात, पण सामान ठेवायला जागा उरत नाही.

म्हणून सीट आजच आरक्षित करा, तिकीट नंतर घेतलं तरी चालेल. आरक्षण वेगळं मिळतं, माणशी पाच युरोच्या आसपास. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. त्यांना ‘फेर्नबानहोफ’ला (लांब पल्ल्याच्या गाड्यांचं) यायला सांगा, ‘रेगिओनालबानहोफ’ला (लोकल गाड्यांचं) नाही. थेट आयसीईला सव्वा तास, फार तर दीड तास लागतो. डॉइशलांड-टिकीट (लोकल गाड्या आणि बसचा महिन्याचा पास) आयसीईत चालत नाही.

तिकीट ‘श्पारप्राइस’ (सवलतीचं) घेतलंत तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वे सूट देत नाही. गाडीलाच वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तरच बंधन सुटतं. विमान दुपारचं आहे, पासपोर्टची रांग आणि बॅगा धरून दोन तास सहज जातात. या दिवशी ‘फ्लेक्सप्राइस’चे (कुठल्याही गाडीला चालणाऱ्या तिकिटाचे) जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत. आरक्षण मात्र विमान उतरल्यानंतर अडीच तासांनी निघणाऱ्या गाडीचं घ्या.

स्टुटगार्टला उतरल्यावर बांधकामामुळे फलाटापासून एस-बानपर्यंतची वाट लांब आहे. मोठ्या बॅगा आणि साठीपुढचे आई-बाबा असतील तर वीस मिनिटं धरा. पाचच्या आत कानश्टाटला पोचत असाल तर एस-बाननं या. त्यानंतर पोचत असाल तर टॅक्सी करा, आणि चालकाला सांगा की मर्सिडेसश्ट्रासंच्या बाजूनं नको, विल्हेल्म्सप्लात्सकडून घ्या.

दूध, भाजी, पाव शनिवारीच भरून ठेवा. रविवारी स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण त्या दिवशी तिथं आत शिरणंच मुश्कील.

---

साताऱ्याची_मेधा (३ जून)

श्ट्रासबुर्गला जरूर जा. ७ जून ते १९ जुलै सगळ्या सीमांवर तपासणी आहे. रेल्वेत पोलीस डब्यात येऊन कागद बघतात, कधी सीमेवरच्या केल गावाला गाडी थोडी थांबते. प्रत्येकानं मूळ पासपोर्ट आणि तुम्ही दोघांनी सोबत रेसिडन्स परमिटचं कार्ड. मुलीचाही पासपोर्ट आणि कार्ड, तिथंच लोक विसरतात. फोनमधला फोटो चालत नाही.

आई-बाबांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी काळजी नको. फ्रान्स शेंगेनमध्येच आहे, तपासणी झाली म्हणजे तुम्ही शेंगेनबाहेर गेलात असं होत नाही, प्रवेश खर्ची पडत नाही. लंडनला जाऊन आलात तर मात्र पडेल.

कुणाचं कार्ड नूतनीकरणाला दिलेलं असेल आणि हातात ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ (तोवरचा तात्पुरता दाखला) असेल, तर त्यावर कोणत्या चौकटीत फुली आहे ते आधी बघा. निवास कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४ वाली, म्हणजे जुना परवाना चालू मानला जातो, ती असेल तर परत येता येतं. परिच्छेद ३ वाली असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका, श्ट्रासबुर्गसुद्धा नाही. ही चूक नंतर निस्तरणं फार त्रासाचं.

---

अँटेनावाला (४ जून)

टीव्हीचं सविस्तर सांगतो, कारण यंदा त्यात एक खोच आहे.

एकूण सामने ५१. एआरडी आणि त्सेडडीएफ या सार्वजनिक चॅनलवर ३४, आरटीएल या खाजगी चॅनलवर १२, उरलेले पाच फक्त पैसे भरून बघायच्या माजेंटा टीव्हीवर. जर्मनीचा प्रत्येक सामना फुकटच्या चॅनलवर दिसेल, तेव्हा नवीन वर्गणी घेण्यात अर्थ नाही. १८.३६ युरोचा महिन्याचा रुंडफुंकबाइट्राग (सार्वजनिक प्रसारणाची फी) तुम्ही भरताच. तो घरामागे एकदाच, टीव्ही असो वा नसो.

आता खोच. भाड्याच्या बऱ्याच घरांत केबलचे पैसे नेबेनकोस्टनमध्ये (भाड्यावरचा इतर खर्च) धरलेले असतात. १ जुलैपासून घरमालकाला ते तसे वसूल करता येणार नाहीत. म्हणजे बाद फेरी ऐन भरात असताना तुमची केबल बंद होऊ शकते. नेबेनकोस्टनच्या हिशेबात ‘काबेल’ किंवा ‘ब्राइटबांड’ अशी ओळ आहे का ते आजच बघा. असेल तर दारावर येऊन करार करा म्हणणाऱ्या विक्रेत्यापुढे सही करू नका. दोन वर्षांचा करार गळ्यात पडतो.

स्वस्त उपाय म्हणजे खिडकीत ठेवायचा छोटा अँटेना, वीस-तीस युरो. टीव्हीवर ‘डीव्हीबी-टी२ एचडी’ असं चिन्ह हवं. भारतातून आणलेल्या टीव्हीवर बहुधा नसतं. लावल्यावर सेटिंगमध्ये ‘काबेल’ ऐवजी ‘अँटेना’ निवडून चॅनल पुन्हा शोधायला लावा. नव्वद टक्के लोक इथंच अडतात आणि अँटेना खराब म्हणून परत करतात. एआरडी, त्सेडडीएफ फुकट दिसतात, आरटीएल या मार्गानं कुलूपबंद असतं.

मेडियाथेकवर (चॅनलची वेबसाइट) नेटनं बघितलंत तरी चालतं, पण प्रसारण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतं आणि प्लेअर आधी दोन-चार तुकडे साठवून मग दाखवतो. त्यामुळे चित्र अर्धा मिनिटभर मागे असतं. शेजारी ओरडतात तेव्हा तुमच्याकडे चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर. लोकांना बोलावून सामना बघायचा असेल तर अँटेना किंवा सॅटेलाइटच हवं, आणि फोनवरच्या गोलच्या सूचना बंद.

रात्री दहानंतर आवाज खोलीपुरता. नऊचा सामना पावणेअकरापर्यंत चालतो. फॅन झोनला सरकारनं उशिरापर्यंत सवलत दिलीय, तुमच्या बाल्कनीला नाही. जर्मनी जिंकली की गाड्यांचे भोंगे वाजतील. नियमात ते बसत नाही, पण पोलीस थोडा वेळ चालवून घेतात. मुलीच्या खोलीत साडेसातला खिडक्या पूर्ण उघडून दहा मिनिटं हवा खेळवा, मग खिडकी बंद आणि रोलाडन (खिडकीबाहेरचं शटर) खालपर्यंत. आवाज बराच कमी होतो.

---

आकडेमोड (५ जून)

टिपश्पीलसाठी. बहुतेक ऑफिसं किकटिप ही वेबसाइट वापरतात. नेहमीची गुणपद्धत : विजेता बरोबर तर २, गोलफरकही बरोबर तर ३, नेमका स्कोअर तर ४. बरोबरीचा अंदाज बांधायच्या फंदात फार पडू नका. बलवान संघाला २-१ किंवा १-० द्या, हेच स्कोअर सर्वांत जास्त वेळा लागतात. ४-० लिहिण्यात फक्त हौस भागते.

अंदाज सामना सुरू होईपर्यंत बदलता येतो. पण ‘विजेता कोण, सर्वाधिक गोल कोणाचे’ हे बोनस प्रश्न १४ जूनला रात्री नऊला, पहिल्या सामन्याबरोबर बंद होतात. आणि बाद फेरीत निकाल नव्वद मिनिटांचा धरायचा की पेनल्टीसकट, हे तुमच्या गटाच्या नियमात बघून ठेवा. भांडणं तिथंच होतात.

तीनच्या सामन्यासाठी ऑफिसच्या लॅपटॉपवर स्ट्रीम लावू नका, आधी बॉसला विचारा. ग्लाइटत्साइट (येण्याजाण्याची लवचीक वेळ) असेल तर कामाची मुख्य वेळ संपवून सरळ निघून जाणं चांगलं. कुणालाच वावगं वाटत नाही.

---

कानश्टाटकर (१ जुलै)

सगळ्यांचे मनापासून आभार. २३ तारीख छान पार पडली, अँटेनाही लागला. आता नवं : परवा जर्मनीनं डेन्मार्कला हरवलं, काल स्पेननं जॉर्जियाला. म्हणजे शुक्रवारी ५ तारखेला सहाला इथंच स्पेन-जर्मनी! आई-बाबांना वातावरण बघायचंय, मुलगीही सोबत असेल. किती वाजता काय करावं?

---

नेकारकाठ (१ जुलै)

शुक्रवारी दोघांपैकी एकानं तरी सुट्टी टाकाच. श्लॉसप्लात्सला अकरा ते दोन जा. गाणी, झेंडे, दोन्ही देशांचे लोक, सगळं तेव्हाही असतं, आणि आई-बाबांना कठड्यावर सावलीत बसायला जागा मिळते. तीननंतर तिथं म्हातारी माणसं आणि लहान मूल घेऊन थांबू नका. फॅन झोनचं फाटक बंद झालं की आतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि शौचालयाच्या रांगा लांबतात.

पाठीवरची मोठी सॅक नको, ए-४ कागदाएवढी पिशवी. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत, काच आत घेऊ देत नाहीत. आई-बाबा शाकाहारी असतील तर केझश्पेट्सलं (चीज घातलेल्या शेवया) मागताना ‘ओनं श्पेक’ म्हणा, काही स्टॉलवर वरून डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. माउलटाशनमध्येही (सारण भरलेला स्थानिक पदार्थ) मांस असतं, भाजीची वेगळी मागावी लागते. पेल्याचं फांड (अनामत) परत घ्यायचं असेल तर काही ठिकाणी पेल्याबरोबर टोकनही लागतं, ते खिशात जपून ठेवा. रिकामे कॅन कचरापेटीत टाकू नका, शेजारी ठेवा. कॅनच्या पंचवीस सेंट फांडसाठी लोक हात घालून शोधतात, त्यांचा हात कापायला नको.

यायचं अडीचच्या आत, यू-२ नं विल्हेल्म्सप्लात्सला. सामना बाद फेरीचा आहे, त्यामुळे वेळ वाढू शकतो : नव्वद मिनिटांत निकाल लागला तर आठच्या आधी, जादा वेळ झाला तर साधारण आठ पस्तीस, पेनल्टी झाल्या तर पावणेनऊच्या पुढे. त्यानंतर दीड तास स्टेशनकडे फिरकू नका. आई-बाबांना रात्रीचा फेरफटका हवाच असेल तर कूरपार्कच्या बाजूला न्या, तो भाग स्टेडियमच्या विरुद्ध दिशेला आहे.

---

अँटेनावाला (२ जुलै)

हा सामना फुकटच्या चॅनलवर आहे, अँटेनावर दिसेल. गुरुवारी संध्याकाळी एकदा लावून बघा. हवा खराब असली तर चित्र तुटतं, तेव्हा अँटेना दोन-तीन खिडक्यांत फिरवून जागा ठरवा आणि चिकटपट्टीनं पक्का करा.