वजनावरून फिल्टर जोखू नका

गाडीच्या इंजिन ऑइलच्या फिल्टरचा डबा जड म्हणजे फिल्टर चांगला, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. जाड पत्रा तेल गाळत नाही. जुना फिल्टर कापून बघा. करवतीने नको, कीस आत पडतो आणि इंजिनातला कण कुठला ते कळत नाही. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर हव्यात, जोड उकललेला नको. तेल आत येण्याच्या भोकांमागचं रबर इंजिन बंद असताना तेल परत उतरू देत नाही. नायट्राइलचं (एक कृत्रिम रबर) उष्णतेने कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर हे रबर फार महत्त्वाचं, नाहीतर तेल उतरून जातं आणि सकाळी स्टार्टला इंजिनाचा खडखडाट. आणि नुसतं '२० मायक्रॉन' (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं निरर्थक. आयएसओ ४५४८-१२ या ऑइल फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणीत त्या मापाचे किती टक्के कण अडतात, ते विचारा.