परीक्षण, परिचय, पाठराखण : पुस्तकाबद्दल लिहिलेल्या मजकुराला काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार. मी एका प्रकाशनगृहासाठी समाजमाध्यमांवरचा मजकूर लिहिते. नव्या पुस्तकाबद्दल आमच्याकडे नाना प्रकारचं लेखन येतं. वाचकाच्या दोन ओळी असतात, लेखकाच्या स्नेह्याने केलेलं कौतुक असतं, एखाद्या अंकात छापून आलेला लेख असतो, मोबदला देऊन करून घेतलेली चित्रफीत असते. त्या सगळ्यावर आम्ही 'परीक्षण' हा एकच शब्द घालतो. परवा एका वाचकाने विचारलं, "हे परीक्षण आहे की जाहिरात?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून मनात सलतंय. या प्रत्येकासाठी मराठीत वेगळा शब्द आहे का?

दुसरी अडचण 'क्रिएटिव्ह ऑनलाइन मार्केटिंग'ची. 'सर्जनशील आंतरजालीय विपणन' असं एकाने सुचवलं. अर्थ कळतो, पण आमच्या कचेरीत तसं कोणी बोलेल असं वाटत नाही.

संपादक

तुमच्या वाचकाने बरोबर जागी बोट ठेवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'परीक्षण' म्हणजे परि अधिक ईक्षण. 'ईक्ष्' म्हणजे पाहणं, 'परि' म्हणजे सभोवार. वस्तू हातात घेऊन, फिरवून, सगळीकडून पाहणं. समीक्षा, निरीक्षण, अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा ही सगळी याच धातूची लेकरं. पहिलं पुस्तक निघालेला लेखक अपेक्षेतून प्रतीक्षेत आणि पुष्कळदा प्रतीक्षेतून उपेक्षेत जातो. त्याला मनापासून हवं असतं ते कोणीतरी आपलं पुस्तक नीट, सगळीकडून पाहणं.

सगळीकडून पाहायचं तर उणी बाजूही आली. म्हणून माझी कसोटी अशी : लिहिणाऱ्याला "इथे हे पुस्तक कमी पडतं" असं म्हणायची मोकळीक होती का? होती, तर ते परीक्षण, मग त्यात शेवटी निव्वळ कौतुक असलं तरी हरकत नाही. ती मोकळीक आधीच काढून घेतलेली असेल, तर मजकूर कितीही अभ्यासू दिसला तरी ते परीक्षण नव्हे.

बाकीचे शब्द भराभर सांगते. 'परिचय' म्हणजे ओळख करून देणं : पुस्तक कशाबद्दल आहे, कोणी लिहिलंय, कोणासाठी आहे. परिचयात निवाडा नसला तरी चालतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. 'रसग्रहण' बहुधा एखाद्या कवितेचं किंवा कथेचं, जे आवडलं ते का आवडलं हे उलगडून दाखवणारं. 'समीक्षा' हिंदीत सरसकट कुठल्याही पुस्तकाच्या परीक्षणाला म्हणतात. मराठीत तिचा आवाका मोठा आहे : एखादा लेखक, एखादा काळ, एखादा वाङ्मयप्रकार यांचा विचार. तीनशे शब्दांच्या टिपणाला समीक्षा म्हटलं की शब्द अंगाला ढगळ होतो.

वाचकाच्या दोन ओळींना 'अभिप्राय' म्हणा. संस्कृतात अभिप्राय म्हणजे हेतू, मनातला आशय ('साभिप्राय'मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे). मराठीत तो 'मत' या अर्थाने रुळला. नुसते पाच तारे दिले असतील तर मात्र तो अभिप्रायही नाही. त्याला 'वाचकांनी दिलेले गुण' म्हणावं, कारण त्यात मनातला आशय काहीच कळत नाही.

आता 'ब्लर्ब', म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर छापलेला कौतुकाचा मजकूर. हा शब्द इंग्रजीतही तसा अलीकडचाच. १९०७ साली जिलेट बर्जेस या अमेरिकी लेखकाने पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक भोजनासाठी स्वतःच्या पुस्तकाचं एक खास वेष्टण करून घेतलं. त्यावर तोंडाशी हात नेऊन ओरडणारी एक तरुणी होती, आणि तिचं नाव ठेवलं होतं मिस बेलिंडा ब्लर्ब. अतिकौतुकाची थट्टा म्हणून केलेलं ते नाव पुढे त्या कौतुकालाच चिकटलं.

पण वस्तू शब्दाच्या आधीपासून होती. १८५५ साली अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमन यांनी आपला कवितासंग्रह नामवंत विचारवंत आणि लेखक इमर्सन यांना पाठवला. इमर्सन यांनी खासगी पत्रातून तोंडभरून कौतुक केलं. व्हिटमन यांनी ते पत्र न विचारता वृत्तपत्रात छापू दिलं, आणि १८५६च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातलं एक वाक्य इमर्सन यांच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटवलं. इतकंच नाही, त्यांनी स्वतःच्या संग्रहावर निनावी परीक्षणंही लिहिली. कवी म्हणून मी त्यांना फार मानते, पण यातल्या प्रत्येक कृतीत शब्दाची जागा बदलली आहे. पत्रातला खासगी अभिप्राय जाहिरात झाला, आणि जाहिरात परीक्षणाचं नाव घेऊन आली. आज पडद्यावर जे चालतं त्याची सगळी मुळं मला या एका प्रकरणात दिसतात.

ब्लर्बला मराठीत 'मलपृष्ठावरील मजकूर' म्हणतात, पण मला त्याहून 'पाठराखण' आवडतो. कवितासंग्रहांच्या श्रेयनामावलीत तो दिसतो : मुखपृष्ठ अमक्याचं, पाठराखण तमक्याची. पुस्तकाच्या पाठीवर छापलेला मजकूर, आणि नवोदिताची पाठ राखणारा ज्येष्ठ, असे दोन्ही अर्थ त्यात एकदम येतात. शिवाय तो प्रामाणिक आहे. पाठराखण करणारा पुस्तकाच्या बाजूचाच असतो, हे शब्दच सांगून टाकतो. वाचकाची फसगत होण्याचा प्रश्नच येत नाही. लेखकाच्या स्नेह्याने केलेलं कौतुक तुम्ही बेलाशक 'पाठराखण' म्हणून टाका.

आणि मोबदला देऊन करून घेतलेली चित्रफीत ही 'जाहिरात'. तिच्यासाठी दुसरा सौम्य शब्द शोधू नका. 'जाहीर'पासून आलेला हा सरळ शब्द आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ग्रंथपाल

ताई, बरंचसं पटलं, पण दोन ठिकाणी अडलो.

एक, 'मोकळीक' ही कसोटी मोफत प्रतीला कशी लावायची? परीक्षणासाठी प्रत फुकटच दिली जाते. मग सगळीच परीक्षणं जाहिराती ठरतील.

दोन, तुम्ही 'टीका' हा शब्द घेतलाच नाहीत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख करून "टीका केली ज्ञानेश्वरें" असं म्हटलंय. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य. ज्याच्यावर टीका करायची ते आधी समजून घेऊन दुसऱ्याला समजावून द्यायचं. आज "टीका केली" म्हटलं की दोष काढले एवढंच उरलंय. मला हा शब्द गमावल्याचं खरंच वाईट वाटतं.

संपादक

दादा, टीकेचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. 'सटीक आवृत्ती'त तेवढा जुना अर्थ जिवंत आहे. पण पुस्तकाबद्दल आज 'टीका' लिहिलं तर वाचणारा दोषच समजेल. शब्द परत मिळवायला एक लेख पुरत नाही, म्हणून मी तो टाळला.

मोफत प्रतीचं उत्तर आपल्या जुन्या शिक्क्यातच आहे : 'अभिप्रायार्थ'. प्रत अभिप्रायासाठी दिली, एवढंच तो शिक्का म्हणतो. 'अनुकूल अभिप्रायार्थ' असं कुणी छापत नाही. प्रत घेतल्याने मोकळीक जात नाही, अट घातल्याने जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ साली खोट्या अभिप्रायांविरुद्ध जो नियम केला, त्यातही हीच रेघ आहे : अमुक सुराचाच अभिप्राय हवा, अशी अट घालून मोबदला देण्यावर बंदी. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, यासाठी २०१८ पासून आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. तरी प्रत प्रकाशकाकडून आली असेल तर परीक्षणाखाली 'अभिप्रायार्थ प्रत प्रकाशकाकडून' एवढी ओळ असावी, असं माझं मत.

आणि ज्या पुस्तकावर लिहिणं झालंच नाही, त्याच्यासाठी मासिकांनी 'साभार पोच' हे सदर ठेवलं होतं. पुस्तक पोचलं, आभारी आहोत. दोन शब्दांत काम झालं, आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मत देण्याची वेळ आली नाही. आज पाकीट फोडतानाची चित्रफीत टाकून खाली 'परीक्षण' लिहितात, तिला 'साभार पोच' हे नाव चपखल बसेल.

आता मार्केटिंग. 'विपणन' शब्द चुकीचा नाही. संस्कृतात 'विपणि' म्हणजे बाजारपेठ, आणि 'पण्' म्हणजे देवघेव करणं. शेतमालाच्या बाबतीत 'पणन' रुळलाही आहे. पण विपणनात वितरण, किंमत, सवलत, विक्री असं सगळं येतं. तुम्ही जे काम करता ते त्यातलं एकच : पुस्तक लोकांना ठाऊक करून देणं. त्याला 'प्रसिद्धी' हा आपला शब्द आहे.

या शब्दाजवळ थोडं थांबावंसं वाटतं. "पुस्तक प्रसिद्ध झालं" म्हणजे छापून बाहेर आलं. "पुस्तक प्रसिद्ध आहे" म्हणजे ते सगळ्यांना माहीत आहे. क्रियापद तेवढं बदललं. 'झालं'पासून 'आहे'पर्यंतचं अंतर बहुतेक पुस्तकं कधीच कापत नाहीत, आणि ते कापायला मदत करणं हे तुमचं काम. ते काम मला मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याला चोरून दुसरं नाव घेण्याची गरज पडू नये.

'क्रिएटिव्ह'ला 'कल्पक' म्हणा. 'कल्पक जाहिरात' आपण सहज बोलतो. 'सर्जनशील' हा शब्द ज्याने पुस्तक निर्माण केलं त्याच्यासाठी राखून ठेवावा. 'आंतरजालीय' वगैरेची गरजच नाही, 'ऑनलाइन' सगळ्यांना कळतं. 'पुस्तकांची कल्पक ऑनलाइन प्रसिद्धी'. कचेरीत बोलून पाहा.

मुद्रितशोधक

शुद्धलेखनाची बाजू मी मांडतो, कारण या शब्दांत रोज चुका काढाव्या लागतात. 'परीक्षण'मध्ये री दीर्घ, कारण परि आणि ईक्षण यांचा संधी झालाय. 'परिचय'मध्ये रि ऱ्हस्व, तिथे पुढे ई नाहीच. 'परिक्षण' लिहिलं की शब्दातलं पाहणंच लंगडं होतं. 'जाहीर'मध्ये ही दीर्घ, 'जाहिरात'मध्ये हि ऱ्हस्व. 'प्रसिद्धी' दीर्घ, पण 'प्रसिद्धिपत्रक' ऱ्हस्व.

आणखी एक. परीक्षण लिहिणाऱ्याला 'परीक्षक' म्हणू नका. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो किंवा स्पर्धेचा निकाल देतो. 'परीक्षणकर्ता' जड वाटत असेल तर 'परीक्षण लिहिणारे' म्हणा. मराठीला क्रियापदाचं वावडं नाही.

प्रकाशनाआधी वाचायला देतात त्या प्रतीला 'आगाऊ प्रत' म्हणावं का? 'आगाऊ रक्कम' चालते, पण एका लेखिकेने ते शीर्षक पाहून नापसंती कळवली होती. आगाऊचा दुसरा अर्थ तिच्या कानाला आधी लागला. मी 'प्रकाशनपूर्व प्रत' करतो. 'प्रकाशनपूर्व सवलत' लोकांना माहीत असल्याने अडत नाही. कथेतलं रहस्य आधीच फोडणाऱ्या मजकुराला, म्हणजे 'स्पॉयलर'ला, मात्र मला 'रसभंग' हवाहवासा वाटतो. 'पुढे रसभंग आहे' एवढा इशारा पुरे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. कालच एका पुस्तकाचा जुना मजकूर काढून पाहिला. आम्ही लिहिलं होतं : "मान्यवरांचं परीक्षण : 'भाषा अतिशय सुंदर…'" मूळ अंक काढला, तर पूर्ण वाक्य असं निघालं : "भाषा अतिशय सुंदर असली, तरी उत्तरार्धात कथानक विस्कळीत होतं." तीन टिंबांत अर्धं वाक्य गेलं होतं. ते मीच कापलं होतं. ताई, याला काय म्हणतात?

संपादक

याला 'सोयीचं अवतरण' म्हणतात. कापण्याची वेळ आली तर मी एक करते : कापलेला तुकडा लिहिणाऱ्याला वाचून दाखवला तर तो "हो, मी असंच म्हटलंय" म्हणेल का, हे स्वतःला विचारते. इथे तो म्हणणार नाही. अशा वेळी तो तुकडा टाकून द्यावा आणि दुसरा शोधावा. त्याच लेखात पूर्वार्धाबद्दल काही नेमकं लिहिलेलं असेल, तर ते पूर्ण वाक्य घ्या.

नेमकेपणाचं आणखी सांगते. "वाचनीय व संग्राह्य", "एका बैठकीत वाचून काढलं", "हातातून खाली ठेववत नाही" ही वाक्यं इतक्या पुस्तकांवर लागली आहेत की त्यांतून कुठलंच पुस्तक दिसत नाही. कल्पक प्रसिद्धीची सुरुवात इथून करता येईल. लेखकाने हस्तलिखितात खोडलेली आधीची शीर्षकं दाखवा. पुस्तकातला एकच परिच्छेद कुणाच्या तरी आवाजात ऐकवा. अनुवाद असेल तर एका शब्दासाठी अनुवादकाने लिहून पाहिलेले चार पर्याय मांडा. यात विशेषणं लागतच नाहीत, आणि वाचक स्वतःच्या डोळ्यांनी पुस्तक पाहतो.

प्रश्नकर्ती

मग उद्यापासून आमची लेबलं अशी : परीक्षण, परिचय, वाचकांचे अभिप्राय, पाठराखण, साभार पोच, जाहिरात. 'सोयीचं अवतरण' आजच काढून टाकलं. ज्यांनी ते परीक्षण लिहिलं होतं त्यांना पत्र पाठवलंय, आणि त्यांच्या पूर्वार्धाबद्दलच्या एका पूर्ण वाक्यासाठी परवानगी मागितली आहे.

मुद्रितशोधक

लेबलं छापण्याआधी एकदा मला दाखवा. 'परीक्षण'ची री मी स्वतः पाहीन.